मुद्दाम हळू: घरी बनवलेली जुन्या वळणाची स्लॉट कार

या एपिसोडमध्ये मापं आणि आकडे भरपूर आहेत, आणि कानात इअरफोन घालून मापं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. म्हणून जे बोललो तेच इथे जरा नीट करून लिहिलंय. लोकलमध्ये उभे असाल तर नुसतं वाचा. घरी पोचलात की फूटपट्टी काढा.

ज्यांनी स्लॉट कार कधी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. ट्रॅकच्या मधोमध एक खाच असते, आणि खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या दोन पट्ट्या. पट्ट्यांमध्ये १२ व्होल्टचा डीसी करंट. गाडीच्या नाकाखाली एक छोटं पातं असतं, ते खाचेत घुसतं. त्याला गाइड म्हणतात. गाइडच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या जाळीच्या पट्ट्या असतात, त्या करंट उचलतात आणि मोटरला देतात. तुमच्या हातात फक्त एक ट्रिगर. गाडीत बॅटरी नाही, रिमोट नाही, स्टिअरिंग तर नाहीच. वळायचं काम खाच करते. तुम्ही फक्त ठरवायचं, किती जोरात जायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? पहिल्या वळणावर गाडी उडून कपाटाखाली गेली की कळतं.

तयार गाड्या मिळतात, छान मिळतात. पण आज आपण जुन्या पद्धतीची गाडी शून्यापासून बनवतोय: पितळेची तार, पत्रा, कथील, लाकूड. आणि मला आज एकच गोष्ट पटवून द्यायचीये. ही गाडी वेगवान करायची नाही. मुद्दाम हळू ठेवायची.

मी जी गाडी निवडली ती मासेराती २५०एफ. १९५० च्या दशकातली फॉर्म्युला वन गाडी, पुढे इंजिन, लांबलचक नाक, बारीक टायर. निवडायला दोन कारणं आहेत. एक म्हणजे फँजिओ. ४ ऑगस्ट १९५७ ला जर्मनीतल्या नुरबर्गरिंगवर ४६ वर्षांच्या या अर्जेंटिनाच्या ड्रायव्हरने याच गाडीत शर्यत जिंकली. मधे पिटमध्ये थांबण्यात वेळ गेला, दोन फेरारी पाऊण मिनिटाहून पुढे निघून गेल्या, आणि याने लॅपचा विक्रम पुन्हा पुन्हा मोडत त्यांना शेवटून दुसऱ्या फेरीत गाठलं. जिंकला ३.६ सेकंदांनी. त्याचं पाचवं आणि शेवटचं विश्वविजेतेपद त्याच दिवशी पक्कं झालं.

दुसरं कारण आपल्या विषयातलंच. त्याच १९५७ साली इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस नावाच्या माणसाच्या मिनिमॉडेल्स कंपनीने स्केलेक्स्ट्रिक बाजारात आणलं. आधी ते स्केलेक्स नावाच्या चावीच्या पत्र्याच्या गाड्या बनवायचे, त्यात इलेक्ट्रिक मिसळलं आणि हे नाव झालं. पहिल्या गाड्या पत्र्याच्याच होत्या, ट्रॅक रबराचा, आणि त्या पहिल्या गाड्यांमध्ये एक होती मासेराती २५०एफ. म्हणजे खरी गाडी रविवारी शर्यत जिंकत होती आणि तिचं पत्र्याचं पिल्लू दुकानात विकलं जात होतं.

आता वेगाचा हिशोब. हा सगळ्यात मजेदार भाग आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

आपलं माप १:३२. म्हणजे खऱ्या गाडीचं प्रत्येक माप ३२ ने भागायचं. नुरबर्गरिंगची तेव्हाची एक फेरी साधारण २२.८ किलोमीटरची होती. ती ३२ ने भागली तरी ७०० मीटरच्या वर जाते, तेव्हा तो विचार सोडा, कुठल्याच गच्चीत मावणार नाही. फँजिओची त्या दिवशीची सर्वांत वेगवान फेरी ९ मिनिटं १७.४ सेकंदांची, म्हणजे सरासरी ताशी १४७ किलोमीटर. हेही ३२ ने भागलं तर? ताशी ४.६ किलोमीटर. आजोबा सकाळी बागेत चालतात तो वेग!

उलट बाजूने बघू. माझी मोटर विनाभार मिनिटाला साधारण १८,००० फेरे घेते. मोटरच्या दांड्यावर ९ दात्यांचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन. मागच्या ॲक्सलवर २७ दात्यांचा क्राउन गिअर. तीनास एक. म्हणजे चाक मिनिटाला ६,००० वेळा, सेकंदाला १०० वेळा फिरणार. मागच्या चाकाचा व्यास २४ मिलिमीटर, परीघ ७५ मिलिमीटर. सेकंदाला साडेसात मीटर, ताशी २७ किलोमीटर. याला ३२ ने गुणा: ८६४. हा प्रवासी विमानाचा वेग झाला. प्रत्यक्षात भार आल्यावर मोटर इतकी फिरत नाही, पण मुद्दा पोचला असेल.

मग बरोबर वेग कोणता? ४.६ पण नाही. वळणावर गाडी किती जोरात जाऊ शकते हे टायरची पकड, गुरुत्वाकर्षण आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरतं, आणि हा वेग त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. आपण ट्रॅक ३२ पट लहान केला, पण पृथ्वी काही आपली ओढ ३२ पट कमी करत नाही. त्यामुळे टायरची पकड तेवढीच धरली तर वळणावरचा वेग ३२ पट नाही, ३२ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे ५.६६ पट कमी होतो. छोटी गाडी घसरते, डुलते, सावरते ते सगळं खऱ्या गाडीच्या साडेपाच पट घाईने. प्रत्येक स्लॉट कार फास्ट फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओसारखी दिसते ती यामुळे.

याचा एक भारी उपयोग आहे आणि तो तुमच्या खिशात आहे. फोनच्या स्लो मोशनमध्ये १२० फ्रेम्सने शूट करून ३० ने दाखवलं तर चार पट हळू, २४० ने शूट केलं तर आठ पट. ५.६६ बरोबर यांच्या मधे. फोन अगदी ट्रॅकला टेकवून धरा आणि शूट करून बघा. जुन्या वळणाची, चुंबक नसलेली गाडी अशा व्हिडिओत मागचं चाक बाहेर टाकत येते तेव्हा ती खरी वाटते. चुंबकवाली गाडी मात्र स्लो मोशनमध्येही खेळणंच वाटते, कारण ती घसरतच नाही. खाली लोखंडी पट्टीला चुंबक चिकटून असतो. धरतो तोवर धरतो, सुटला की गाडी एकदम भिंतीवर.

चला, आता हात काळे करू.

सुरुवात कागदापासून. २५०एफच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर साधारण २२८० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे ७१. आलेख कागदावर मधली रेघ मारा, तिच्यावर काटकोनात दोन ॲक्सलच्या रेघा, आणि पुढच्या ॲक्सलच्या १२ मिलिमीटर पुढे गाइडचा बिंदू. हा कागद सपाट प्लायवर चिकटवा आणि ॲक्सल, तारा जिथे बसणार तिथे बारीक खिळे ठोका. हा झाला तुमचा साचा. सगळं सोल्डरिंग याच्यावर करायचं. हवेत धरून केलं तर चासी केळ्यासारखी वाकते.

मोटर १३० साइझची, चपट्या डब्याची. २० मिलिमीटर रुंद, १५ उंच, २५ लांब. ही खेळण्यांच्या दुकानात, इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत सगळीकडे मिळते, पण इथे डोळे उघडे ठेवा. तुटक्या खेळण्यातून निघणारी मोटर बहुधा ३ व्होल्टची असते. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. पण ३ व्होल्टवालीत जाड तारेचे कमी वेढे असतात, तिला १२ व्होल्ट दिले की ती आधी किंचाळते, मग धूर सोडते. विकत घेतानाच १२ व्होल्टची मागा.

मोटर गाडीत आडवी नाही, लांबीत बसते, दांडा मागे करून. खऱ्या गाडीत इंजिन पुढे होतं. आपल्या गाडीत ते ड्रायव्हरच्या पायांच्या जागी येतं. म्हणून अशा सगळ्या गाड्यांमधला ड्रायव्हर कमरेपासून वरचाच असतो, बिचारा. एक मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा वाकवून मोटर धरणारा ब्रॅकेट करायचा, त्याच्याच दोन कानांना मागच्या ॲक्सलची भोकं. ॲक्सल जमिनीपासून १२ मिलिमीटरवर, मोटरचा दांडा त्याच उंचीला, म्हणजे मोटरचं पोट ट्रॅकपासून साडेचार मिलिमीटरवर राहतं. दांडा आणि ॲक्सल यांत अचूक काटकोन हवा. पूर्ण बिल्डमध्ये घाई न करण्याची जागा एकच असेल तर ती ही. गिअर करकरला तर वेग जातोच, शिवाय शेजारी विचारतात मिक्सर बिघडलाय का.

मागचा ॲक्सल सरळ पोलादी दांड्याचा, गिअरच्या भोकाच्या मापाचा. काचेवर लोळवून बघा, उजेड दिसला तर तो वाकडा आहे. पुढच्या ॲक्सलवर भार कमी असतो, तिथे सायकलची १४ गेजची स्पोक चालते. ती बरोबर २ मिलिमीटरची असते आणि सायकलवाला सहसा पैसेही घेत नाही.

मोटर ब्रॅकेटपासून पुढच्या ॲक्सलच्या नळीपर्यंत दोन्ही बाजूंनी पितळेच्या तारा, १६ गेज, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर. ट्रॅकपासून २ मिलिमीटरवर. सोल्डरिंगला मोबाईल दुरुस्तीची २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. पितळ उष्णता पिऊन टाकतं. ६० वॅटची घ्या. जोड आधी पॉलिश पेपरने चकचकीत घासा, वायरमधला तांब्याचा एक बारीक धागा काढून जोडाभोवती चार वेढे आवळा, फ्लक्स लावा, आणि कथील आयर्नला नाही, तापलेल्या पितळेला टेकवा. ते आपोआप आत ओढलं गेलं पाहिजे. वरती मोत्यासारखा गोळा बसला असेल तर तो जोड नाही, दागिना आहे. ॲसिडवाला फ्लक्स वापरला असेल तर नंतर साबण आणि ब्रशने धुवा. मोटरच्या वायरींना तो लावूच नका, तिथे राळेचा. खिडकी उघडी ठेवा, आणि कथिलात शिसं असतं, तेव्हा हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही.

आता गाइड, आणि इथे साठच्या दशकातली एक सुंदर युक्ती. गाइड चासीवर घट्ट बसवायचा नाही. तो एका छोट्या बिजागरीच्या हातावर बसवायचा, त्याला ड्रॉप आर्म म्हणतात. चासीचं नाक उचललं गेलं तरी हा हात स्वतःच्या वजनाने खाली पडतो आणि पातं खाचेतच राहतं. दोन पितळी नळ्या आणि एक तार, एवढंच त्याचं बिजागर. माझ्या ट्रॅकची खाच ३ मिलिमीटरची आहे, म्हणून पातं अडीच मिलिमीटरचं. स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डाच्या तुकड्यातून कानस मारून ते करता येतं. तो प्लास्टिक निसरडा असतो, हवा तसा. (बोर्ड जुना घ्या आणि घरी विचारून घ्या.) करंट उचलायला तांब्याची जाळी लागते, त्यासाठी डिसोल्डरिंग विक चालते, आधी स्पिरिटने धुऊन. गाडी उलटी पळाली तर दोन वायरी अदलाबदल करा, झालं.

टायर हवाई चपलेच्या रबराचे. मी थट्टा करत नाहीये. गोल कापायचे, रिमवर चिकटवायचे, ॲक्सल ड्रिलमध्ये धरून फिरवत पॉलिश पेपरवर हळूहळू टेकवायचे. टायर एकदम गोल आणि सपाट होतात, आणि पकड बऱ्यापैकी, म्हणजे आपल्याला हवी तेवढीच. पुढच्या टायरना उलट पकड नको. पुढची चाकं वळत नाहीत ना! गाइड गाडीला वळणात ओढतो आणि पुढचे टायर सरळ जायचा हट्ट धरतात. म्हणून त्यांच्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात. टायर काचेसारखे घसरडे होतात, भांडण मिटतं.

बॉडी बाल्सा लाकडाची. विमानांची मॉडेलं करणाऱ्यांच्या दुकानात मिळतं, एनसीसीच्या एअर विंगमध्ये असाल तर तुम्ही ते कापलंही असेल. बाजूचं आणि वरचं चित्र लाकडावर उतरवा, करवतीने ठोकळा काढा, मग चाकू, मग पॉलिश पेपर. आतून पोकळ करताना भिंत जितकी पातळ ठेवाल तितकं बरं, कारण वरचं प्रत्येक ग्रॅम गाडीला वळणावर उलथवायला टपलेलं असतं. सील करायला पातळ पुट्टी, मग इटलीचा लाल. वजन द्यायचं ते खाली द्या: चासीच्या तारांवर पितळी पट्ट्या, थोडं गाइडजवळ, बाकी मधे. माझी गाडी ८० ग्रॅमच्या आसपास आहे आणि त्यात बॉडी अगदीच नावापुरती.

ब्रेकबद्दल खूप जण विचारतात. ट्रिगर सोडला की कंट्रोलर करंट तोडतो आणि वर मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडतो. गाडी पळत असते, म्हणून चाकं मोटरला फिरवतात, मोटर जनरेटर होते, आणि टोकं जोडलेली असल्याने तिचीच वीज तिला अडवते. वेगळा ब्रेक नाही, तरी गाडी झटक्यात मंदावते. स्केलेक्स्ट्रिकच्या सुरुवातीच्या गाड्यांना नुसतं चालू-बंद बटण होतं, हे आठवलं की कंट्रोलरच्या तिसऱ्या वायरीची किंमत कळते. पॉवरला जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस चालतो, पण त्यातून भरपूर ॲम्पिअर येतात, तेव्हा मधे फ्यूज लावाच.

आता मुद्दाम हळूचं काय ते सांगतो.

साठच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत स्लॉट कारची लाट आली होती. गावोगावी दुकानं, आत मोठमोठे ट्रॅक, तासाच्या भाड्याने. जाणकार मंडळी स्वयंपाकघराच्या टेबलावर अशाच पितळी आणि पोलादी तारांच्या चासी जोडायची. मग मोटरी तापत गेल्या, गाड्या चपट्या होत गेल्या, दर काही महिन्यांनी कालची गाडी भंगार. दशक संपता संपता लाट ओसरली. कारणं बरीच सांगतात. मला पटतं ते हे: नवीन आलेल्या पोराला जिंकणं सोडा, गाडी डोळ्यांनी दिसेनाशी झाली.

आमच्या सोसायटीच्या ट्रॅकवरही हेच व्हायला लागलं होतं. नववीतला एक मुलगा यायचा, ट्रिगरवर त्याचं बोट इतकं हलकं की बघत राहावं. पण गाडी दुसऱ्याची. बाहेरून मागवलेली गाडी ड्युटी धरून काही हजारांना पडते, ती त्याच्या घरी कोण घेणार? मालकाने 'आण इकडे आता' म्हटलं की त्याचा खेळ संपला. पुढे मोटरींची चढाओढ सुरू झाली, आणि तो येईनासा झाला. मग आम्ही बसून नियम केला: गाडी स्वतः बनवायची, सगळ्यांची मोटर एकच, बॉडी १९६० च्या आधीच्या गाडीची. दोघांना हे पटलं नाही, वाद झाला, एक जण ग्रुप सोडून गेला. मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्याचा मुद्दा पूर्ण चुकीचा नव्हता. वेगाचीही एक मजा असते. पण तो मुलगा परत आला. स्पोक, चप्पल, चॉपिंग बोर्ड, सगळं त्याच्या घरात होतंच. तो सारखा पहिला येतो असं नाही, तिसरा-चौथा येतो. गाडी त्याची आहे, एवढंच.

शेवटी तुमचे नेहमीचे प्रश्न. थ्रीडी प्रिंट चालेल का? बॉडी चालेल, चासी माझ्या मते नको. प्लास्टिक हलकं असतं आणि आपल्याला खाली वजन हवंय. शिवाय पितळ चुकीचं वाकलं तर परत सरळ वाकवता येतं. खर्च? अवजारं सोडून माझा हजाराच्या आत झाला. चुंबक? एमडीएफच्या ट्रॅकवर तांब्याची टेप असते, तिला चुंबक चिकटतच नाही, त्यामुळे तो वाद आमच्याकडे नाही.

आणि गाडी जोडून झाली की लगेच पूर्ण १२ व्होल्ट देऊ नका. चाकं वर धरून ३ व्होल्टवर दहा मिनिटं फिरू द्या, ब्रश बसतात, गिअर एकमेकांना ओळखतात. ॲक्सलला तेलाचा एकच थेंब, टायरला अजिबात नाही. ट्रॅक कसा कापायचा, सुताराकडून राउटर कसा मागायचा, ते पुढच्या एपिसोडमध्ये.